हडप्पा येथील अस्थिकुंभांवरील मोर : चित्र, शब्द आणि पुरावा

१

पंजाबात रावी नदीच्या जुन्या पात्रालगत हडप्पा येथे जे प्राचीन नगर उजेडात आले, त्याच्या मुख्य टेकाडाच्या दक्षिणेस एक दफनभूमी आहे. उत्खनकांनी निरनिराळ्या क्षेत्रांना इंग्रजी वर्णमालेतील अक्षरे दिली होती. त्यांतील ‘एच’ या अक्षरावरून ही भूमी ‘दफनभूमी एच’ या नावाने अभ्यासकांस परिचित आहे. हडप्पा येथे पद्धतशीर उत्खननास दयाराम साहनी यांनी १९२१ मध्ये आरंभ केला. पुढे १९२६ ते १९३४ या काळात ते काम माधो सरूप वत्स यांनी चालविले आणि त्याचा दोन खंडांचा अहवाल १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. या दफनभूमीतील रंगीत मृत्पात्रे प्रथम विद्वानांपुढे आली ती वत्सांमुळे. आज त्यांतील काही कुंभ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहावयास मिळतात.

या भूमीचे दोन थर आहेत. खालच्या थरात मृतांचे देह लांब निजविलेले असून त्यांच्या सभोवती भांडी ठेवलेली आहेत. वरच्या थरात देह पुरण्याची चाल दिसत नाही. तेथे मोठमोठे कुंभ आहेत आणि त्यांत प्रौढांच्या कवट्या व लांब हाडे भरलेली आहेत. देह काही काळ उघड्यावर ठेवून नंतर उरलेली हाडे गोळा केली असावीत, असे उत्खनकांचे मत झाले. अर्भकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे देह अखंडच, गर्भस्थ बालकासारखे अंग दुमडून, कुंभात ठेवलेले आढळले. असे कुंभ शंभरावर निघाले. उत्तरकालीन हडप्पा संस्कृतीचा हा टप्पा स्थूलमानाने इ. स. पू. १९०० ते १३०० असा मानला जातो.

कुंभ चाकावर घडविलेले, चांगले भाजलेले आणि तांबड्या लेपाचे आहेत. लेपावर काळ्या रंगाने चित्रे काढलेली असून ती बहुधा कुंभाच्या खांद्याभोवती एका पट्ट्यात येतात. झाकणांवरही वर्तुळाकार मांडणी केलेली असते. चित्रविषय निसर्गातलेच आहेत: पाने, झुडपे, मासे, हरणे, गुरे, तारका आणि पक्षी. पक्ष्यांत मोराचे प्राधान्य निर्विवाद आहे. लांब मान, डोक्यावरचा तुरा आणि मागे ओढल्यासारखे लांब शेपूट एवढ्या मोजक्या खुणांनी कुंभाराने तो असा उभा केला आहे की, चार हजार वर्षांनंतरही त्याची ओळख पटण्यास अडचण पडत नाही.

या मोरांपैकी काहींची रचना मात्र असाधारण आहे. त्यांचे शरीर रंगाने भरून न टाकता वाटोळे व पोकळ ठेवले आहे आणि त्या पोकळीत एक लहानशी मनुष्याकृती आडवी काढली आहे. मोरांच्या मधल्या जागेत तारका आहेत. दुसऱ्या एका कुंभावर एक पुरुष दोन्ही बाजूंच्या गुरांना दोरीने धरून उभा आहे, एका गुरावर कुत्रा धावून जात आहे. जवळच मोर आणि शिंगांवर त्रिशूळासारखी शोभा असलेला एक मोठा पशू आहे. भारतीय उपखंडाच्या प्राचीन मृत्कलेत इतकी अर्थसूचक चित्रे विरळाच; म्हणूनच त्यांचा अर्थ लावण्याचा मोह आजवर कोणालाही आवरता आलेला नाही. प्रस्तुत लेखात या अर्थनिर्णयाची पद्धती तपासावयाची आहे.

२

वत्सांनी या चित्रांचा अर्थ वैदिक अंत्यविधीच्या आधारे लावला. मोराच्या पोटातील मनुष्याकृती म्हणजे मृताचा सूक्ष्म देह आणि मोर म्हणजे त्याला परलोकी नेणारा वाहक. कुत्रा हा यमाचा श्वान. गुरे ही मृताच्या परलोकप्रवासाशी निगडित अशी गाय. तारका हे त्याचे गंतव्यस्थान. हा अर्थ इतका सुसंगत वाटतो की, पुढील अनेक ग्रंथांत तो सिद्ध झालेल्या गोष्टीसारखा उद्धृत झाला आहे. कुंभात मृताच्या अस्थी आहेत आणि कुंभावर पक्ष्याच्या आत माणूस आहे, या दोन गोष्टींची सांगड वत्सांनी घातली ती योग्यच होती. प्रश्न निर्माण होतो तो या सांगडीला ऋग्वेदाचा आधार देताना.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १४ ते १८ ही सूक्ते यम, पितर आणि अंत्यविधी यांच्याशी संबद्ध आहेत. यमाचे दोन श्वान १४ व्या सूक्तात आहेत. अग्नीपासून मृताचे रक्षण करणारे गाईचे आवरण १६ व्या सूक्तात आहे. येथवर वत्सांचे प्रतिपादन ग्रंथाला धरून आहे. परंतु या पाचही सूक्तांत मोर कोठेही नाही. पक्षी आहे, पण तो काळा पक्षी. आणि मृताच्या देहाला त्याने चोच मारून जी इजा केली असेल ती अग्नीने बरी करावी, अशी प्रार्थना १६ व्या सूक्तात आहे. म्हणजे तेथे पक्षी वाहक नसून उपद्रवकारी आहे. मृत्यूशी पक्ष्याचा दुसरा स्पष्ट संबंध याच मंडलाच्या १६५ व्या सूक्तात येतो. घरात आलेला कपोत हा निर्ऋतीचा आणि यमाचा दूत मानून त्याची शांती तेथे केली आहे. त्याच्याबरोबर घुबडाचाही उल्लेख आहे. यमाकडून येणारा पक्षी ऋग्वेदाला माहीत आहे, पण तो कपोत आहे.

मग ऋग्वेदात मोर येतो तरी कोठे? पहिल्या मंडलाच्या अखेरच्या, म्हणजे १९१ व्या सूक्तात एकवीस लांडोरी विष हरण करून नेतात. तिसऱ्या मंडलात इंद्राच्या अश्वांची आयाळ मोराच्या पिसांसारखी म्हटली आहे आणि आठव्या मंडलात त्याच अश्वांच्या वर्णनात मोराच्या शेपटीची उपमा येते. विषनाश आणि अश्ववर्णन हे दोनच संदर्भ. परलोकाशी दोहोंचाही संबंध नाही. तेव्हा कुंभावरील चित्रकार ऋग्वेदातील अंत्यविधीच चित्रित करीत होता असे मानावयाचे, तर त्याने कपोत व काळा पक्षी वगळून ज्या पक्ष्याचे त्या सूक्तांत नावही नाही तोच पुनःपुन्हा का काढावा, याचे उत्तर द्यावे लागेल. ते उत्तर ग्रंथातून मिळत नाही.

महाराष्ट्रात दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहिली जाते. मृताची इच्छा पक्ष्याच्या द्वारे कळते ही कल्पना येथे घरोघरी जिवंत आहे. पक्षी आणि प्रेतात्मा यांचा संबंध जोडणे अनेक समाजांना सुचलेले आहे, एवढे या उदाहरणावरून खचित म्हणता येईल. परंतु कोणता पक्षी आणि कोणता संबंध हे प्रत्येक समाजाने आपापल्या परीने ठरविले आहे. एका परंपरेतील कावळा दुसरीतील मोराचा अर्थ सांगू शकत नाही.

३

दुसरा आक्षेप चित्राच्या वाचनाविषयीचा आहे. वत्सांच्या अहवालात या कुंभांची चित्रे उलगडून, सरळ पट्टीच्या रूपात छापली आहेत. अभ्यासाच्या सोयीसाठी हे आवश्यकच होते; वाटोळ्या कुंभाच्या सर्व बाजू एका छायाचित्रात येत नाहीत. परंतु पट्टी उलगडली की तिला एक डावे टोक आणि एक उजवे टोक येते. वाचकाची दृष्टी डावीकडून उजवीकडे जाते आणि पाहता पाहता आकृत्यांचे वाक्य होते: आधी माणूस, मग गाय, मग कुत्रा, मग मोर. कर्ता, क्रिया आणि गंतव्य असा क्रम जणू आपोआप लागतो.

प्रत्यक्ष कुंभावर असा क्रम नाही. खांद्याभोवतीचा पट्टा जेथे संपतो तेथेच सुरू होतो. कुंभाराने कुंभ फिरवीत चित्र काढले आणि पाहणाराने कुंभाभोवती फिरून ते पाहिले. आरंभ कोठे मानावयाचा हे कुंभ सांगत नाही. ते छापील पृष्ठ सांगते. भाषेत पदांचा क्रम किंवा प्रत्यय यांनी परस्परसंबंध ठरतो. कुत्रा गाईला चावतो की गाय कुत्र्याला मारते, हे व्याकरणामुळे कळते. वर्तुळाकार पट्ट्यातील शेजारी शेजारी असलेल्या आकृत्यांना असे व्याकरण नाही. माणसाच्या हातातील दोरी गुराला बांधली आहे, हा संबंध चित्रात दाखविलेला आहे. त्याविषयी शंका नाही. मोराच्या शरीरात माणूस आहे, हाही संबंध दाखविलेला आहे. पण मोर आणि कुत्रा यांचा संबंध, तारका आणि प्रवास यांचा संबंध, हे चित्रात काढलेले नसून वाचकाने भरलेले आहेत. जे रेषेने जोडले आहे आणि जे केवळ शेजारी आहे, यांतील भेद राखणे ही चित्रार्थाची पहिली अट होय.

हाच प्रश्न लोथल येथे वेगळ्या रूपात उभा राहिला. गुजरातेतील या हडप्पाकालीन स्थळी एस. आर. राव यांनी १९५५ पासून उत्खनन केले. तेथील एका पात्रावर झाडावर बसलेले, चोचीत मासे धरलेले पक्षी आणि खाली कोल्ह्यासारखा प्राणी आहे. रावांना त्यात पंचतंत्रातील धूर्त कोल्ह्याच्या कथेसारखी कथा दिसली. आकृत्या कथेला जुळतात हे खरे. तथापि ती कथा ज्या ग्रंथांतून आज माहीत आहे, ते त्या पात्रानंतर दीड-दोन हजार वर्षांनी सिद्ध झालेले आहेत. ज्याला कथा आधीच ठाऊक आहे त्याला चित्रात ती दिसते. ज्याला ठाऊक नाही त्याला झाड, पक्षी, मासे आणि एक प्राणी दिसतो. पुरावा म्हणून ग्राह्य धरावयाचे ते दुसऱ्याने पाहिलेले.

४

मग हडप्पाच्या मोराचा अर्थ लावावयाचाच नाही काय? तसे नव्हे. प्रथम त्याची तुलना ग्रंथांऐवजी इतर मोरांशी केली पाहिजे. दफनभूमी एचच्या आधीच्या, म्हणजे नागर हडप्पा संस्कृतीच्या काळातील पात्रांवर मोर आहे. हडप्पाप्रमाणेच सिंधमधील चन्हुदडो येथे, जेथे अर्नेस्ट मॅके यांनी १९३५-३६ मध्ये उत्खनन केले, तांबड्या लेपावर काळ्या रंगात पिंपळपान, एकमेकांत गुंतलेली वर्तुळे, माशाच्या खवल्यांची नक्षी आणि त्यांच्या बरोबरीने मोर आढळतात. म्हणजे तांबड्यावर काळे हे तंत्र, वनस्पतींच्या सान्निध्यात मोर काढण्याची रीत आणि स्वतः मोर, या तिन्ही गोष्टी दफनभूमी एचच्या कुंभारांना वारशाने मिळालेल्या होत्या. नवीन होती ती मोराच्या पोटातील पोकळी आणि तीत ठेवलेला माणूस.

दुसरी गोष्ट माध्यमाची. हडप्पा संस्कृतीच्या मुद्रांवर एकशिंगी पशू, वृषभ, हत्ती, गेंडा, वाघ हे प्राणी कोरलेले आहेत. पक्षी तेथे क्वचितच. उलट भाजलेल्या मातीच्या लहान वस्तूंत पोकळ पक्ष्यांच्या आकाराच्या शिट्ट्या पुष्कळ मिळाल्या आहेत. मुद्रा हे व्यापाराचे आणि अधिकाराचे साधन. भांडे आणि खेळणे हे घरातले. पक्षी ज्या जगात वावरतो ते घराचे आणि कुंभाराच्या अंगणाचे जग आहे, असे या वाटणीवरून सुचते. दफनभूमी एचच्या शैलीची खापरे हडप्पाच्या वस्तीच्या थरांतही मिळाली आहेत. तेव्हा ही शैली केवळ मृतांसाठी राखून ठेवलेली नव्हती. जिवंत माणसांच्या घरातील चित्रविषयच अस्थिकुंभावर गेले आणि तेथे त्यांपैकी एकाला, मोराला, विशेष अर्थ प्राप्त झाला.

या क्रमाने पाहिल्यास मर्यादित पण भक्कम असे एक विधान करता येते. मोराच्या शरीरातील आडवी मनुष्याकृती मृताशी संबंधित असणे अत्यंत संभवनीय आहे, कारण ती अस्थी ठेवलेल्या कुंभावर आहे, निजलेल्या स्थितीत आहे आणि तिचे जुन्या घरगुती पात्रांवर पूर्वरूप नाही. पक्षी तिला धारण करतो, हेही चित्रात दिसते. कुंभ स्वतः पोकळ असून त्यात माणसाचे अवशेष आहेत, आणि कुंभावरचा मोर पोकळ असून त्यात माणूस आहे, हे साम्यही लक्षात घेण्याजोगे आहे. परंतु तो मोर मृताला कोठे नेतो, कोणत्या देवाकडे नेतो, किंवा मुळात नेतो की केवळ सांभाळतो, याचे उत्तर कुंभावर नाही.

५

या मर्यादेचे महत्त्व केवळ कलेतिहासापुरते नाही. चित्रांचा अर्थ वैदिक ठरला की ती काढणारे लोक वैदिक भाषा बोलणारे ठरतात आणि मग खापरांच्या आधारे लोकांच्या स्थलांतराचा इतिहास लिहिला जातो. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४६ मध्ये हडप्पा येथे खणल्यानंतर दफनभूमी एच ही बाहेरून आलेल्या लोकांची असावी आणि ते लोक कदाचित आर्य असावेत, असे सुचविले. त्यांनी स्वतः हे अनुमान म्हणूनच मांडले होते. पण पुढे अनेकांच्या लेखनात त्यातील ‘कदाचित’ गळून पडले. बी. बी. लाल यांनी १९५३ च्या सुमारासच दाखवून दिले की, नागर काळाची दफनभूमी आर-३७ आणि दफनभूमी एच यांच्यामध्ये मातीचा व खापरांचा जाड थर आहे. दोहोंत काळाचे अंतर असल्याने एचचे लोक हे नगराचे विध्वंसक ठरू शकत नाहीत. पुढे रफिक मुघल यांनी १९७४ ते १९७७ या काळात चोलिस्तानात केलेल्या पाहणीत याच शैलीची सुमारे ५० स्थळे नोंदविली आणि १९८६ पासून हडप्पा येथे चाललेल्या संयुक्त संशोधनात नागर काळ ते उत्तर काळ अशी वस्तीची सलगता दिसून आली. आक्रमणाचे चित्र मागे पडले.

तथापि हा आक्षेप दोन्ही बाजूंना लागू आहे, हे विसरता कामा नये. जर मोरावरून ते लोक आर्य ठरत नसतील, तर मोराच्या सातत्यावरून ते आर्य नव्हते असेही ठरत नाही. तसेच आधीपासूनच सारे वैदिक होते असेही ठरत नाही. खापराला भाषा नसते. हेच आनुवंशिक पुराव्याविषयी म्हणता येईल. राखीगढी येथील हडप्पाकालीन स्त्रीच्या सांगाड्याचा जनुकीय अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तीत गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश आढळला नाही. वंशावळीच्या इतिहासात या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. पण ती स्त्री मोराला काय म्हणत होती, हे तिच्या अस्थी सांगत नाहीत.

हा शेवटचा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. ‘मयूर’ हा शब्द ऋग्वेदात आहे, पण त्याची व्युत्पत्ती भारोपीय धातूंतून समाधानकारकपणे लागत नाही. तमिळ ‘मयिल’, कन्नड ‘नविलु’, तेलुगू ‘नेमलि’ या रूपांशी त्याचा संबंध अनेक भाषाशास्त्रज्ञांनी जोडला आहे. काहींनी मुंडा भाषांकडे बोट दाखविले आहे. मतैक्य झालेले नाही. मात्र मोर हा याच भूमीतला पक्षी असल्यामुळे त्याचे नाव येथल्या पूर्वीच्या भाषांतून वैदिक भाषेने घेतले असणे स्वाभाविक दिसते. पुढे अशोकाच्या पहिल्या शिलालेखात राजाच्या पाकशाळेसाठी मारल्या जाणाऱ्या प्राण्यांत मोर येतो. गिरनारच्या प्रतीत त्याचे रूप ‘मोर’ असे आहे आणि कालसीच्या प्रतीत ‘मजुल’ असे आहे. मराठीतील ‘मोर’ हा पहिल्याच परंपरेतला. एकच राजा, एकच आज्ञा, एकच पक्षी. तरी प्रदेशाप्रमाणे शब्द निराळा. त्या शिलालेखाच्या जागी जर एखाद्या कुंभाराने मोराचे चित्र काढले असते, तर गिरनारचे आणि कालसीचे चित्र सारखेच दिसले असते आणि हा भेद कायमचा लुप्त झाला असता. चित्र भाषेच्या पलीकडे समजते, हे त्याचे सामर्थ्य; आणि म्हणूनच ते भाषेविषयी साक्ष देऊ शकत नाही, ही त्याची मर्यादा.

६

दख्खनमधील पुरावा या संदर्भात उपयुक्त ठरतो. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात जोर्वे संस्कृतीची दफने मिळाली. लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत आणि ते घराच्या जमिनीखाली पुरीत. प्रौढांना लांब निजवीत. पण त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली असत. एक प्रौढ पुरुष मात्र कच्च्या मातीच्या चार पायांच्या मोठ्या रांजणात बसलेल्या स्थितीत आढळला. कुंभात मृताला ठेवणे ही कल्पना येथेही आहे, परंतु जोर्वे पात्रांवरील नक्षी मुख्यत्वे भौमितिक आहे. मोराच्या पोटात माणूस तेथे नाही. अंत्यविधीचे बाह्य साम्य असूनही चित्रांचे जग निराळे असू शकते, हे इनामगाव दाखविते. म्हणून अस्थिकुंभ आहे एवढ्यावरून कोणत्याही सूक्ताशी वा सूत्राशी नाते जोडणे युक्त नाही.

वत्सांचे ऋण यामुळे कमी होत नाही. चित्रांची नोंद त्यांनी इतक्या काळजीने केली की, त्यांचा अर्थ नाकारणाऱ्यालाही आधार त्यांच्याच अहवालाचा घ्यावा लागतो. उत्खनकाचे निरीक्षण आणि त्याचे अनुमान यांची किंमत वेगवेगळी असते, आणि पहिले दुसऱ्यापेक्षा दीर्घायुषी ठरते. हडप्पाच्या मोराबाबत निरीक्षण असे: उत्तरकालीन हडप्पाच्या कुंभारांनी आपल्या पूर्वजांचा घरगुती मोर घेतला, त्याचे पोट पोकळ केले, आणि ज्या कुंभात मृतांच्या अस्थी होत्या त्याच्या खांद्यावर, तारकांच्या मध्ये, त्या पोकळीत माणूस निजविला. आपल्या माणसाला मातीत नुसते टाकून द्यावयाचे नाही, कोणाच्या तरी हवाली करावयाचे, ही भावना त्यातून स्पष्ट होते. ज्याच्या हवाली केले त्याला ते कोणत्या नावाने हाक मारीत, हे जोवर त्यांची लिपी निश्चितपणे वाचली जात नाही, तोवर इतिहासकाराने आपल्या पदरचे नाव त्या मोराला देऊ नये.